तलफेवरचा उतारा



राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा काळ मी लागोपाठ सहा वर्षे सिगारेटशिवाय काढला. आम्हा ख्रिस्ती मंडळींत ह्या प्रायश्चित्तकाळात आवडीची एखादी वस्तू वर्ज्य करण्याची रीत आहे. कोणी मांस सोडतो, कोणी गोड सोडतो. मी सिगारेट सोडीत असे. पहिला आठवडा घरच्यांना माझ्याशी बोलण्याची सोय नसे. वर्गात हातातला खडू मोडला तरी मला राग येई. मग हळूहळू सारे शांत होई, आणि पुढचे चार आठवडे इतके सुरळीत जात की, ही बला आता कायमची टळली असे मी मनाशी ठरवून टाकी. ईस्टरच्या सकाळी मिस्सा आटोपून बाहेर आलो की, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे पाय आपोआप वळत. सहाही वर्षे ते वळले.

हे मी कौतुकाने सांगत नाही, आणि पश्चात्ताप म्हणूनही सांगत नाही. ह्यात एक कोडे आहे, ते तुमच्यापुढे ठेवायचे आहे. धूम्रपानाचे तोटे मला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? वर्षानुवर्षे तेच तोटे मी मुलांकडून पाठ करून घेत होतो. निश्चय अगदीच दुबळा होता असेही नाही. दुबळा असता तर चाळीस दिवस निघाले नसते. मग उणे कशाचे होते? त्याचे उत्तर मला चव्वेचाळिसाव्या वर्षी एका डॉक्टरांच्या खोलीत मिळाले, आणि ते शोधताना सिगारेट सोडण्याच्या औषधी साधनांची जी माहिती हाती आली, तीच आज थोडक्यात सांगणार आहे. बाजारात आता निकोटिनची पट्टी मिळते, चावायचा गम मिळतो, चोखायची गोळी मिळते. ह्यांतले काय घ्यावे, किती घ्यावे, आणि घेऊनही पुष्कळांना गुण का येत नाही, एवढाच आजचा विषय.

प्रथम निकोटिन म्हणजे काय ते पाहू. ज्यां निको हा सोळाव्या शतकात लिस्बनच्या दरबारी फ्रान्सचा वकील होता. त्याने १५६० च्या सुमारास तंबाखू आपल्या राजघराण्याकडे औषध म्हणून पाठविली, म्हणून त्या द्रव्याला पुढे त्याचे नाव चिकटले. पोर्तुगीजांनी तीच तंबाखू गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आणली आणि ती दख्खनमध्ये लवकरच रुजली. असद बेग नावाचा मोगल सरदार १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हा अकबरासाठी इतर नजराण्यांबरोबर त्याने तंबाखू आणि चिलीम नेली. बादशहाने चार झुरके घेतले, त्याच्या हकिमाने हरकत घेतली, आणि दरबारात वाद झाला. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. ती बंदी किती टिकली हे आपण सारे पाहतोच आहोत.

आता धुराकडे वळू. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक पदार्थ असतात, आणि त्यांतील सत्तरएक पदार्थ कर्करोग उत्पन्न करणारे आहेत. फुप्फुसात साचणारे डांबर आणि रक्तातील प्राणवायूची जागा बळकावणारा कार्बन मोनॉक्साइड हे धुरातून येतात, जळण्यातून येतात. निकोटिन हा त्या गर्दीतला एक. तो निरुपद्रवी आहे असे माझे म्हणणे नाही. नाडीचा वेग तो वाढवितो, रक्तदाब वाढवितो, आणि गर्भातल्या बाळाला तो चांगला नाही. पण ज्या कर्करोगाने आणि ज्या दम्याखोकल्याने धूम्रपान करणारा माणूस अखेरीस आडवा होतो, त्याचे मुख्य कारण धूर आहे. निकोटिनचे काम वेगळे. माणसाला त्या धुराकडे पुन्हा पुन्हा परत आणण्याची चाकरी तो करतो. बांधून ठेवणारा एक आणि मारणारा दुसरा, असा हा मामला आहे. ही फोड एकदा ध्यानात आली की पट्टी आणि गम ह्यांचे सगळे तत्त्व समजते. बांधून ठेवणारी वस्तू काही आठवडे थोडी थोडी द्यायची, धूर अजिबात द्यायचा नाही, आणि मग ती दोरीही सैल करीत न्यायची.

पण निकोटिन बांधतो कसा? ह्याचे मर्म वेगात आहे. झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतो; शिरेत टोचलेल्या औषधालाही ह्याहून फार लवकर पोचता येत नाही. तेथे त्याला चिकटण्याजोग्या जागा असतात, तो तेथे बसला की मेंदूत सुखद वाटायला लावणारे द्रव्य सुटते, आणि थोड्याच वेळात ते ओसरते. नित्य धूम्रपान करणाऱ्याच्या मेंदूत ह्या जागांची संख्या वाढते, आणि त्या रिकाम्या राहिल्या की तलफ येते. आता हिशेब करा. एका सिगारेटचे दहा झुरके धरले आणि दिवसाला वीस सिगारेटी धरल्या, तर दोनशे झुरके होतात. वर्षाचे होतात ७३,०००. एवढ्या वेळा मेंदूला शिकविले गेले आहे की, हात ओठांकडे गेला की सुख मिळते. मी पंचवीस वर्षांत एकही धडा कोणत्याही मुलाकडून इतक्या वेळा घोकून घेतलेला नाही!

तेव्हा ह्या साधनांची तुलना करताना पहिला प्रश्न ‘किती निकोटिन’ हा नसून ‘किती वेगाने’ हा आहे. सिगारेट सेकंदांत पोचते. गम आणि गोळी ह्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. पट्टीला काही तास लागतात. वेग जितका कमी, तितकी त्या साधनाची चटक लागण्याची भीती कमी. पण तितकीच, ऐन तलफेच्या वेळी त्याची मदत उशिरा येणार. कोणतेही एक साधन परिपूर्ण का नाही, हे इथेच कळते.

गमची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. स्वीडनमध्ये लुंड येथे क्लेस लुंडग्रेन नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. पाणबुडीत धूम्रपानाला मनाई असल्यामुळे तेथले खलाशी तोंडात ठेवायच्या तंबाखूकडे वळतात आणि त्यांची तलफ भागते, हे त्यांच्या पाहण्यात आले. त्यांनी १९६७ साली हेल्सिंगबोरी येथील एका औषधी कंपनीत काम करणारे आपले परिचित ओवे फर्ने ह्यांना पत्र लिहून कळविले की, फुप्फुसाची वाट टाळून निकोटिन देता येईल. फर्ने स्वतः सिगारेटचे भोक्ते होते. गोळी गिळून उपयोग नव्हता, कारण पोटातून गेलेला बराचसा निकोटिन यकृतातच नष्ट होतो. म्हणून तोंडातच रेंगाळणारी वस्तू हवी होती, आणि त्यातून गम निघाला. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ साली आणि अमेरिकेत १९८४ साली त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

आता हा गम चावायचा कसा, हे मी जरा सविस्तर सांगणार आहे. कारण येथेच दहांपैकी आठ जण चुकत असावेत असा माझा अंदाज आहे. निदान मी तरी चुकलो. औषधांच्या दुकानातून पहिली पट्टी आणली आणि लहान मुले च्युइंगगम चावतात तसा तो गम कचाकचा चावला. दोन मिनिटांत घसा जळजळला, उचक्या लागल्या, पोटात मळमळले. हे काही आपल्याला सोसणारे नाही असे म्हणून उरलेला गम मी टेबलाच्या खणात टाकून दिला आणि सिगारेट पेटविली.

आपल्याकडच्या तंबाखू-चुना मळणाऱ्या शेतकऱ्याने अशी चूक केली नसती. तळहातावर तंबाखू घ्यायची, नखभर चुना लावायचा, अंगठ्याने मळायची, आणि चिमूट ओठामागे ठेवून द्यायची, चावायची नाही. चुना कशासाठी? चुन्यामुळे तोंडातील रस अल्कधर्मी होतो, आणि अल्कधर्मी रसातच निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात शिरतो. आम्ल रसात तो शिरत नाही. लाळेबरोबर गिळला जातो आणि पोटात जाऊन फक्त मळमळ करतो. निपाणीच्या तंबाखूच्या मुलुखात हे रसायनशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या हातांना ठाऊक आहे. गम बनविणाऱ्यांनीही तेच केले. त्यात सोड्याच्या जातीचे क्षार घातलेले असतात, ते चुन्याचेच काम करतात. फक्त चुन्याप्रमाणे तोंड भाजीत नाहीत.

तेव्हा गमचा तुकडा हळूहळू, अगदी सावकाश चावावा. थोड्याच वेळात मिऱ्यासारखी तिखट चव येते किंवा जिभेला झिणझिण्या येतात. तशा आल्या की चावणे थांबवावे आणि तुकडा गाल व हिरडी ह्यांच्या मध्ये ठेवून द्यावा. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चारदा चावावे, आणि जागा बदलून पुन्हा ठेवावा. असा तो अर्धा तास चालतो. गम तोंडात असताना, आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटे, चहा, कॉफी, लिंबू सरबत, सोडा-लेमन असले काही घेऊ नये. आम्लाने सगळे काम बिघडते. आपल्या लोकांना सिगारेटची तलफ चहाबरोबरच येते, त्यामुळे हा नियम जाचक आहे हे मी मान्य करतो. आधी चहा, मग चूळ भरणे, मग थोडा वेळ जाऊ देऊन गम, असा क्रम मी बसविला.

गम २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांत मिळतो. कोणता घ्यावा हे ठरविण्याची युक्ती सोपी आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट किंवा विडी लागत असेल तर ४ चा; त्यानंतर लागत असेल तर २ चा. दिवसाला किती ओढता ह्यापेक्षा रात्रभराच्या उपासानंतर किती लवकर ओढता, ह्यावरून जखडलेपणाचे माप चांगले कळते. आपल्याकडे ४ मिलिग्रॅमच्या गमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी एक, आणि शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी एक, असा साधारण क्रम आहे. दिवसाला चोवीसपेक्षा अधिक घेऊ नये. तलफ अनावर होईपर्यंत थांबून मग तो तोंडात टाकणे म्हणजे आग भडकल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. तो वेळेवर घ्यायचा असतो.

चोखायची गोळी हे गमचेच भावंड. ज्यांची कवळी आहे, ज्यांचा जबडा दुखतो, किंवा ज्यांना वर्गात अथवा कचेरीत तोंड हलविणे बरे दिसत नाही, त्यांना ती सोयीची. ती चावायची नाही, गिळायची नाही. वीस-तीस मिनिटे आपोआप विरघळू द्यायची आणि अधूनमधून गालातली बाजू बदलायची. तेवढ्याच मिलिग्रॅमच्या गमपेक्षा गोळीतून निकोटिन थोडा अधिक मिळतो, कारण गमच्या चोथ्यात काही शिल्लक राहतो आणि गोळी सगळी विरघळते. चहा-कॉफीचा नियम हिलाही लागू आहे. ह्याखेरीज तोंडात मारायचा फवारा, नाकात मारायचा फवारा, ओढायची नळी असे प्रकार परदेशांत आहेत. त्यांतील नाकाचा फवारा सर्वांत जलद, आणि म्हणूनच चटक लागण्याची धास्ती त्याची अधिक. आपल्या गावच्या दुकानांत ते सहसा मिळत नाहीत, तेव्हा त्यांत शिरत नाही.

आता पट्टी. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना एक विकार होतो. मळमळ, ओकारी, चक्कर, अशक्तपणा. पानांवरच्या ओलाव्यात उतरलेला निकोटिन त्यांच्या उघड्या कातडीतून अंगात जातो, त्याचा तो परिणाम. गुजरातेतील तंबाखूच्या शेतांतील मजुरांतही तो आढळलेला आहे. मजुराला जी वाट आजार देते, तीच वाट औषधाला चालेल काय, ह्याचा शोध १९८० नंतरच्या काळात लॉस एंजेलिस येथे मरे जार्विक आणि जेड रोझ ह्यांनी घेतला, आणि आरंभीचे प्रयोग स्वतःच्या कातडीवर केले. अमेरिकेत १९९१ साली पट्टीला मान्यता मिळाली.

पट्टी सकाळी उठल्यावर दंडावर, छातीवर किंवा पाठीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी चिकटवायची आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलायची. नाहीतर कातडी लाल होऊन खाजते. चोवीस तासांच्या पट्ट्या २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमच्या असतात. दिवसाला दहापेक्षा अधिक सिगारेटी ओढणाऱ्याने २१ पासून सुरुवात करायची. सहा आठवडे ती, दोन आठवडे १४ ची, दोन आठवडे ७ ची. दहा किंवा त्याहून कमी ओढणाऱ्याने १४ पासून. रात्री विचित्र स्वप्ने पडली किंवा झोप मोडली तर निजताना ती काढून ठेवता येते. मात्र मग सकाळची पहिली तलफ जोरात येते, कारण नवी पट्टी रंगात यायला काही तास जातात. तिचा गुण हा की, एकदा लावली की दिवसभर आठवण ठेवावी लागत नाही. रक्तात निकोटिनची एक सपाट, संथ पातळी राहते आणि चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे हे सारे निम्म्यावर येते. तिचा दोषही तोच. जेवणानंतर, भांडणानंतर, मित्र भेटल्यावर जी तलफ एकदम उसळते, तिच्यासाठी पट्टीजवळ वेगळे काही नसते.

येथे मला माझी दुसरी चूक सांगितली पाहिजे. डॉक्टरांनी विचारले, “गुरुजी, दिवसाला किती?” शिक्षकाने काय सांगावे? वीस हा आकडा जिभेवर येईना. मी म्हणालो, “असतील दहाएक.” त्यांनी १४ ची पट्टी दिली. तिने माझे काही भागले नाही, आणि तीन आठवड्यांत मी पुन्हा पानवाल्याकडे. दुसऱ्या खेपेस त्यांनी मला काही न म्हणता पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. तेव्हा खरा आकडा निघाला. मग २१ ची पट्टी आणि तिच्या जोडीला २ मिलिग्रॅमचा गम, अशी व्यवस्था झाली. डॉक्टर म्हणाले की, लोक औषध जास्त घेतील ह्याची चिंता नसते. बहुतेक जण कमी घेतात, आणि लवकर सोडतात.

पट्टी आणि गम ही जोडी बरोबर घेता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. किंबहुना एकाच वेळी दोन्ही घेणे घातक आहे असा समज आहे. परंतु पट्टीने दिवसाचा पाया घालायचा आणि उसळणाऱ्या तलफेला गमने किंवा गोळीने आवर घालायचा, हीच पद्धत आज सर्वांत फलदायी ठरली आहे. कॉक्रेन ह्या नावाची, वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने २०१८ साली १३३ चाचण्यांचा आणि चौसष्ट हजारांहून अधिक माणसांचा हिशेब मांडला. निकोटिनचे कोणतेही एक साधन वापरल्यास कायमचे सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट होते असे त्यात दिसले. गम, गोळी, पट्टी ह्यांत फारसा उणा-अधिकपणा नाही. पुढच्या वर्षीच्या तिच्या दुसऱ्या अहवालात, पट्टीसोबत जलद साधन जोडले तर एकट्या साधनापेक्षा यशाची शक्यता आणखी सुमारे पाव पटीने वाढते असे आढळले, आणि जबर सवय असणाऱ्यांना २ पेक्षा ४ मिलिग्रॅमचा गम अधिक लागू पडतो असेही.

दीडपट हा आकडा ऐकून कोणी हुरळून जाऊ नये, म्हणून पुढचे सांगतो. नुसत्या निश्चयाने सोडणाऱ्या शंभरांपैकी वर्षअखेर तीन ते पाचच टिकतात. त्याची दीडपट, दुप्पट केली तरी पहिल्याच खेपेस बहुसंख्य माणसे परत फिरणार. ज्यांना कोणी समजावणारे, दर आठवड्याला विचारपूस करणारे मिळते त्यांचे प्रमाण ह्याहून चांगले असते. परत फिरणे हा मनुष्याच्या चारित्र्याचा निकाल आहे असे मला आता वाटत नाही. पूर्वी वाटत असे, आणि त्या लाजेपायी माझी काही वर्षे फुकट गेली.

आता माझ्या चाळीस दिवसांचे कोडे. अंगाचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतो आणि दोन-चार आठवड्यांत बराच उतरतो. म्हणजे ईस्टरपर्यंत माझे अंग मोकळे झालेले असे. पण त्या काळात मी पानवाल्याच्या रस्त्याने जातच नसे, मित्रांच्या चहाला बसत नसे; सगळे टाळून राहत असे. ७३,००० ची उजळणी झालेला धडा तसाच कोरा करकरीत शिल्लक असे, आणि ईस्टरचा आनंद, तो कोपरा, तो वास एकत्र येताच तो आठवे. शिवाय आपण ‘तेवढ्यापुरते’ सोडले आहे हे मनाला ठाऊकच होते. दहा-बारा आठवड्यांच्या औषधाचा फायदा हा की, अंगाची ओरड बंद ठेवून माणसाला त्याच रस्त्याने, त्याच चहाच्या टेबलावर, सिगारेटशिवाय बसायला शिकता येते. पट्टी अंगावर असताना मी मुद्दाम मित्रांत जाऊन बसलो. पहिल्या दिवशी हातांचे काय करावे ते सुचेना.

मध्येच एखादी सिगारेट ओढली गेली तर काय? पट्टी फाडून टाकू नये, आणि ‘आता सगळे संपले’ असेही म्हणू नये. पट्टी तशीच ठेवावी, दुसऱ्या दिवशी नवी लावावी आणि पुढे चालावे. हीच सवय लागली तर, ही शंकाही लोक विचारतात. काहींना गम तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ लागतो हे खरे; पण धुराशी तुलना करता ती फारच लहान आपत्ती आहे. खर्चाची तक्रारही ऐकू येते. गमची अख्खी पट्टी एकदम विकत घ्यावी लागते म्हणून तो महाग वाटतो. सुट्या सिगारेटीचे पैसे दिवसातून वीस वेळा जातात म्हणून दिसत नाहीत.

थोड्या सावधगिरीच्या गोष्टी. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, छातीत कळ वाढत असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. गर्भवती स्त्रियांनीही विचारावे. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत करून दुमडून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी. तिच्यात बराच निकोटिन उरलेला असतो. दम्याची, मनोविकाराची काही औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल तर सिगारेट सोडल्यावर त्यांची मात्रा बदलावी लागते, म्हणून डॉक्टरांना सांगून ठेवावे. कॉफीचेही तसेच आहे. धुरामुळे कॉफीतला कॅफीन शरीरातून भराभर निघून जात असतो. धूर थांबला की तो रेंगाळतो. नेहमीइतकीच कॉफी घेऊन हात थरथरले की बिचाऱ्या पट्टीला दोष मिळतो. कॉफी निम्मी करावी.

विडी ओढणाऱ्यांनी विडीला सिगारेटपेक्षा हलकी समजू नये. ती सारखी विझते म्हणून जोराने ओढावी लागते, आणि धुरातून निकोटिन व डांबर सिगारेटपेक्षा कमी तर नाहीच, उलट अधिक मिळते. मात्रा ठरविताना विड्यांचा आकडा तसाच सांगावा. मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना ह्यांच्या बाबतीत मात्र पट्टी आणि गम ह्यांचा उपयोग इतका स्पष्ट दिसलेला नाही. चोखायच्या गोळीविषयी काहीसा आशादायक पुरावा आहे. अशांनी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवून घेणे हे पहिले काम. विजेच्या सिगारेटीची विक्री, आयात आणि साठा आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने बंद आहे, तेव्हा ती वाट नाही. व्हरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन ही निकोटिन नसलेली औषधे आहेत. पैकी व्हरेनिक्लिन एकट्या पट्टीपेक्षा सरस असल्याचे २०१६ साली आठ हजारांवर माणसांच्या एका मोठ्या चाचणीत दिसले. ती डॉक्टरांच्या देखरेखीनेच घ्यावयाची.

आता उशीर झाला, असे पन्नाशीतले गृहस्थ म्हणतात. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल ह्यांनी १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या आयुष्याची नोंद ठेवली. पन्नास वर्षांच्या नोंदीवरून २००४ साली जे प्रसिद्ध झाले, त्यात साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला नऊ वर्षांचे आयुष्य अधिक मिळाल्याचे आढळले.

निकोटिनची ही साधने २०२२ पासून आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. गावात विचारायला कोणी नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी आहे. त्याला पैसे पडत नाहीत, आणि सिगारेटच्या पाकिटावरच तो छापलेला असतो. पलीकडचा माणूस पहिल्यांदा विचारील, दिवसाला किती, आणि सकाळी पहिली केव्हा. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, तेव्हा आकडा सांगणे डॉक्टरांच्या खोलीतल्यापेक्षा सोपे जाते.